अकरा नंबरचं नाव

८ जुलै २०००, शनिवार

यज्ञेश्वर सरांनी आज आणखी एक काम सोपवलं. त्यांच्या शनिवार पेठेतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी सकाळी रिसेप्शनला बसते आणि त्या बदल्यात संध्याकाळच्या बॅचला फी न देता शिकते. आता सर ज्या क्रीडा मंडळाचे सचिव आहेत, त्याच्या मुलींच्या हॉकी संघाबरोबरही जायचं. मुलींच्या संघासोबत मॅनेजर म्हणून एक बाई लागते, असा नियम आहे. इतकी वर्षं सरांच्या पत्नी सुहासिनीबाई जात होत्या. आता त्यांना ऊन सोसत नाही.

“आपल्याला हॉकीतलं काही कळतं का?” सरांनी विचारलं.

“नाही, सर.”

“उत्तम. म्हणजे कोणाला सल्ला देणार नाही.”

घरी आईला त्यातला ‘मॅनेजर’ एवढाच शब्द कळला. माझा चहा होईपर्यंत ती गल्लीत सांगून आली की रुपाली बँकेत मॅनेजर झाली. मला घरोघर जाऊन ते दुरुस्त करावं लागलं. वडील मार्केट यार्डातून हमाली करून आले होते, ते म्हणाले, “राहू द्याचं ना बाई. एक दिवस तं तिले मिरवू द्याचं.” पण उद्या कोणी कर्ज मागायला आलं असतं तर?

या गल्लीत लाइटबिल, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटल्या, सगळं मी तिसरीत असल्यापासून वाचून दाखवते. चुकीचं काही माझ्या नावावर पसरलं की मला झोप लागत नाही.

१३ जुलै, गुरुवार

येरवड्याच्या मैदानावर सराव बघितला. प्रशिक्षक हिंमतराव सर पूर्वी एका कारखान्याच्या संघात होते. “फॅक्टरीने आधी टीम बंद केली, मग मला,” असं ते स्वतःच सांगतात. स्वेच्छानिवृत्तीला ते असं म्हणतात.

यज्ञेश्वर सरांची मुलगी कादंबरी याच संघात आहे. बारावीला आहे. राज्य पातळीवर खेळलं की परीक्षेत वाढीव गुण मिळतात, आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नेमके तेवढेच कमी पडतील, असा घरचा हिशेब आहे. पण तिला खेळ मनापासूनही आवडत असावा. खेळताना ती आपल्याशीच बडबडते.

सराव संपत आला तेव्हा एक मुलगी कुंपणाशी येऊन उभी राहिली. शाळेचा पंजाबी ड्रेस, पायात स्लिपर.

“मले बी खेळाले येते,” ती म्हणाली.

सगळ्या हसल्या. मी हसले नाही, पण खाली बघितलं. आमच्या घरीही असंच बोलतात आणि हे इथे कोणाला ठाऊक नाही.

हिंमतरावांनी तिच्या हाती स्टिक दिली. पुढे काय झालं ते मला खेळाच्या भाषेत लिहिता येणार नाही. चेंडू तिच्या स्टिकला येऊन थांबत होता. चार मुली तिच्या अंगावर गेल्या आणि ती त्यांच्यातून बाहेर आली तेव्हा चेंडू तिच्याकडेच होता. स्लिपर मात्र मागे राहिली होती.

हिंमतरावांनी ती स्लिपर उचलून तिच्यापुढे ठेवली. मग म्हणाले, “कुठं होतीस गं इतके दिवस?”

“गावी,” ती म्हणाली. तिला तो खरोखरचा प्रश्न वाटला.

मुक्ताई डाखोरे. वय पंधरा. वाशिमकडच्या आश्रमशाळेत मास्तरांनी मुरमाच्या मैदानावर शिकवलं. वडील रंगराव कल्याणीनगरला कुठल्या तरी सॉफ्टवेअर कंपनीची इमारत उठतेय, तिथे वॉचमन आहेत. आई त्याच साइटवर कामाला जाते.

३० जुलै, रविवार

कादंबरी चिखलात घसरली. गुडघा. डॉक्टर म्हणाले, हे वर्ष विसरा. सुहासिनीबाई रडायला लागल्या तेव्हा सर म्हणाले, “गुडघा तिचा गेलाय, तुझा नाही. उठ आणि बर्फ आण.” पण बर्फ आणायला शेवटी तेच गेले, आणि जिन्यात बराच वेळ उभे राहिले.

२ ऑगस्ट, बुधवार

जिल्ह्याच्या सामन्यांची खेळाडू नोंदणी जूनमध्येच संपली. मुक्ता जुलैत आली. म्हणजे यंदा तिला खेळता येणार नाही, असं मला वाटलं होतं. आज क्लासमध्ये हिंमतराव आले आणि सरांना म्हणाले, “पोरीला कादंबरीच्या नावावर खेळवू.”

“असं चालतं?” मी विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडून गेलं.

“चालत नाही. पण चालतं,” हिंमतराव म्हणाले. “मी चार वर्षं डिसूझाच्या नावावर खेळलोय. डिसूझाचं लग्न ठरत होतं, तर मुलीकडचे मैदानावर माझा खेळ बघून गेले. पसंत पडला त्यांना जावई.”

सर हसले. मग माझ्याकडे वळले. “मुलीचा खेळ वर्षभर वाया जाऊ नये, इतकंच. पुढच्या वर्षी तिच्या नावाने रीतसर नोंदणी करू. आपलं काम सोपं आहे. गोल झाला की नोंदीच्या टेबलावर नाव सांगायचं.”

ओळखपत्रावरचा फोटो झेरॉक्सचा आहे. त्यात कोणीही चालेल.

दिवसभर विचार केला. शेवटी ठरवलं की मी नाव घेणारच नाही. फक्त नंबर सांगायचा. जर्सी अकराची आहे, म्हणजे ‘अकरा नंबर’ हे खोटं होत नाही.

६ ऑगस्ट, रविवार

पिंपरीच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, पहिला सामना. कादंबरीने आपले टर्फचे बूट मुक्ताला दिले. टर्फ बघून मुक्ता घाबरेल असं सगळ्यांना वाटत होतं. ती वाकून हात फिरवत म्हणाली, “इथं चेंडू उडतच नाही, ताई. सरळ येते. लय सोपं हाय हे तं.”

दोन गोल. दोन्ही वेळा मी “अकरा नंबर” म्हटलं.

टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, “माणसाला नाव असतं हो, बाई.” मग स्वतःच यादीत बघून त्यांनी कादंबरीचं नाव लिहिलं.

मी खोटं बोलले नाही.

२० ऑगस्ट, रविवार

चौथा सामना जिंकलो. बाहेरून आता लोकही ओरडतात, “कादंबरी, मार!” हिंमतरावांनी संघातल्या सगळ्यांना तीच हाक मारायची सवय लावली आहे. खरी कादंबरी गुडघ्याला पट्टा बांधून प्रेक्षकांत बसते. सुरुवातीला ती प्रत्येक हाकेला दचकायची. आज तिने मानही वळवली नाही.

सामना संपल्यावर मी पाण्याची बाटली घेऊन “मुक्ता!” म्हणून हाक मारली. तिने वळून बघितलं नाही. पुन्हा मारली, जोरात. ती बूट सोडत बसली होती, दहा पावलांवर.

मग माझ्या तोंडून “कादंबरी!” गेलं. ती लगेच आली.

पाणी पिता पिता तिला ते कळलं आणि ती इतकी हसली की ठसका लागला. “सवय पडली ना, ताई!”

तिला हसू येत होतं आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

२९ ऑगस्ट, मंगळवार

रविवारी अंतिम सामन्यात तिने तीन गोल केले. त्यातला तिसरा कसा केला हे हिंमतराव अजून लोकांना थांबवून सांगतायत.

आज सकाळी रंगराव क्लासमध्ये आले. रात्रपाळी करून तसेच, अंगावर वॉचमनचा निळा शर्ट, काखेत वर्तमानपत्र. आधी दाराशीच उभे राहिले.

“मॅडम, पोरगी म्हने आज हॉकीचं येनार हाय पेपरात. इंजिनिअर सायबाकडून मागून आनला. वाचा बरं जरासं.”

मी पान उघडलं. खाली कोपऱ्यात बातमी होती. ‘कादंबरी पेंडसेच्या तीन गोलांच्या जोरावर...’

रंगरावांनी टोपी काढून हातात घेतली होती.

मी वाचलं, “मुक्ताई डाखोरेच्या तीन गोलांच्या जोरावर...” आणि पुढची सगळी बातमी तशीच वाचली. कुठे अडखळलेसुद्धा नाही. माझं मलाच नवल वाटलं.

“आडनाव बी लिवलं?”

“लिहिलंय.”

“कुठी?”

मी बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं आणि थोडा वेळ उचललं नाही.

“जपून ठेवा,” मी म्हटलं. “कोणाच्या हातात देऊ नका, फाटेल.”

छापलेलं होतं ते खोटं होतं. मी वाचलं ते खरं. दिवसभर मी स्वतःला हेच सांगतेय.

५ सप्टेंबर, मंगळवार

निवड समितीने राज्य संघाच्या शिबिरासाठी कादंबरी पेंडसे हिला बोलावलंय. क्लासच्या गणपतीपुढे सरांनी पेढे ठेवले.

मला आनंद झाला होता, हे लिहून ठेवते. मला वाटलं, आता सर समितीला जाऊन सांगतील की ही मुलगी वेगळी आहे, नियमाचं जे काय असेल ते बघून घेऊ. मी दुपारी येरवड्याला जाऊन मुक्ताला सांगूनसुद्धा आले, तयारीत राहा. तिने विचारलं, शिबिरात जेवण देतात का. मी म्हटलं, अंडीसुद्धा देतात.

संध्याकाळी सर म्हणाले, “शिबिर दिवाळीनंतर आहे. तोवर कादंबरी उभी राहण्याइतकी होईल.”

“कोण उभी राहणार, सर?”

“जिचं नाव आलंय ती.”

“पण तिला खेळावं लागलं तर...”

“तिथे चेहरा कोणी बघितलेला नाही. शिबिरात पुन्हा दुखावेल गुडघा. होतं असं. प्रमाणपत्र मिळतं.” मग म्हणाले, “रुपाली, आपण असं बघताय जणू मी कोणाच्या घरात शिरलोय. त्या मुलीला यंदा मैदानसुद्धा मिळालं नसतं.”

मी प्रसादाची वाटी धरून तशीच उभी होते. वाटी रिकामी आहे हे कोणीतरी सांगितल्यावर कळलं.

हिंमतराव जिन्यात भेटले. त्यांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, “गोल कोणाचे ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे, पोरीला माहीत आहे. मला चार वर्षांत एकदाच बोलावणं आलं, रुपाली. तेही डिसूझालाच आलं.” या खेपेला ते हसले नाहीत.

७ सप्टेंबर, गुरुवार

कादंबरी स्वतःहून रिसेप्शनला येऊन बसली. “ताई, मला वाईट समजू नका.”

“तू सांगू शकतेस ना.”

“काय सांगू? माझ्या बाबांना पकडा? आणि मी नाही गेले तर मुक्ता जाणार आहे का? तिसरीच कोणीतरी जाईल.”

ती उठताना म्हणाली, “तिच्यासारखा एक जरी गोल मला मारता आला असता ना, तर मी हे सगळं केलंच नसतं.” आणि लंगडत गेली.

११ सप्टेंबर, सोमवार

मुक्ता चार दिवस सरावाला नाही. आज साइटवर गेले.

रंगरावांनी ते पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून इंजिनिअरला दाखवलं होतं. कोणाच्या हातात देऊ नका असं मी सांगितलं होतं, पण त्यांना ते दाखवायचं होतं. कोणीही दाखवलं असतं. इंजिनिअरने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मग म्हणाला, यात तुझ्या मुलीचं नाव कुठे आहे? कोणीतरी गवंडी म्हणाला, “रंगराव, मग पोरगी रोज संध्याकाळी जाते कुठं?”

लोक हसले. बस, इतकंच झालं. त्याच दिवसापासून तिचं बाहेर जाणं बंद.

“मुक्ता खरंच खेळते,” मी म्हटलं. “गोल तिचेच आहेत. नाव दुसरीचं लावलंय.”

“पोरगी बी हेच म्हने,” रंगराव म्हणाले. “म्या म्हनलं, खोटं बोलते. मॅडमनं वाचून दावलं ना मले, बोट ठिवून. मंग आता दोघीतली खोटी कोन?”

“मी,” मी म्हटलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“गोल त्याहीनं घेतले तं घेतले,” ते म्हणाले. “पन शिकेल-सवरेल मानूस खोटं वाचते, हे मले मालूमच नव्हतं.”

मुक्ता आत पत्र्याच्या खोलीत होती. तिने मला बघितलं असणार. बाहेर आली नाही.

घरी आल्यावर आईने लाइटबिल पुढे केलं, कितीचं आलं बघ म्हणून. मला आकडा दिसत होता आणि तोंडातून बाहेर येत नव्हता.

१४ सप्टेंबर, गुरुवार

आज सांगून टाकलं. निवड समितीच्या विमलाबाई कसब्यात राहतात. निवृत्त पीटी शिक्षिका. त्यांनी मला पाटावर नाही, खुर्चीवर बसवलं आणि पंखा लावला. मी सगळं सांगितलं.

“किती सामने?”

“सगळे.”

“तू टेबलावर काय सांगायचीस?”

“अकरा नंबर.”

“म्हणजे तुला माहीत होतं.” त्या चिडल्या नव्हत्या. “आणि त्या मुलीला? हे नियमात बसत नाही, हे तिला ठाऊक होतं का?”

खरं तेच सांगायचं म्हणून तर गेले होते. हिंमतरावांनी माझ्यासमोर तिला बजावलं होतं की कोणाला सांगू नकोस, पकडले जाऊ. तेव्हा मी म्हटलं, “हो. ठाऊक होतं.”

त्यांनी मान हलवली. “खेळ मी बघितलाय तिचा. अशी मुलगी मला बऱ्याच वर्षांनी दिसली,” त्या म्हणाल्या.

बाहेर आले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की मंडईपर्यंत चालतच गेले. आता त्यांना मुक्ताला बोलवावंच लागेल. गोल तिचे आहेत.

२६ सप्टेंबर, मंगळवार

निर्णय आला. मंडळाला एक वर्ष बंदी. हिंमतरावांना तीन वर्षं. मला कुठल्याही संघाबरोबर जाता येणार नाही. कादंबरी पेंडसे, दोन वर्षं. मुक्ताई डाखोरे, दोन वर्षं.

मला वाटलं काहीतरी चूक झाली. मी धावत विमलाबाईंकडे गेले.

“नाव देणारी आणि ते नाव लावून खेळणारी, दोघींना सारखीच शिक्षा आहे,” त्या म्हणाल्या. “नकळत केलं असतं तर सूट देता आली असती. मी म्हणूनच तुला विचारलं होतं.”

म्हणूनच विचारलं होतं. मी दारातच उभी होते. त्या मला बसायला सांगत होत्या. एक शब्द. ‘नाही’ म्हटलं असतं तर. किंवा ‘मला माहीत नाही’ म्हटलं असतं तरी.

क्लासमध्ये सर नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “उद्यापासून आपण येऊ नये. शिकवलेलं परत मागत नाही, ते आपल्याकडेच ठेवा.” सुहासिनीबाईंनी बाहेर येऊन सांगितलं की कादंबरीला बंगळूरला मामांकडे पाठवतायत, तिथे एका कॉलेजात सोय होते आहे. मला आनंद होईल, अशा बेताने त्यांनी ते सांगितलं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून साइटवर गेले. इमारतीला आता निळ्या काचा बसवतायत. रंगराव फाटकावर होते. त्यांनी मला अडवलं नाही, या असंही म्हटलं नाही.

मुक्ता आईबरोबर वाळू वाहत होती. घमेलं खाली ठेवून ती माझ्याजवळ आली. मी बंदीचं सांगितलं. नियम समजावून सांगितला. तिला पुरतं कळावं म्हणून घरच्या बोलीत सांगितलं, तिच्याशी पहिल्यांदाच. तिला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

“म्हणजे दोन वर्सं माह्या नावानं खेळता येत नाही?”

“नाही.”

“माह्या नावानं तं आताबी खेळत नव्हते.” तिने डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली. “अन् दुसरीच्या?”

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे.

“कादंबरीच्या नाही तं आणखी कोनाच्या,” ती म्हणाली. “मले कोनाचंबी नाव चालते, ताई. मले खेळाचं हाय फक्त.”

“कोणाच्याच नाही,” मी म्हटलं. “आता सगळे तुला ओळखतात.”

वरून कोणीतरी वाळूसाठी ओरडलं. तिच्या आईने घमेलं भरून ठेवलं होतं.

“तुम्ही सांगतलं त्याहीले?”

“हो.”

“त्याहीनं बोलावलं होतं तुम्हाले? कोनं इचारलं होतं?”

कोणीच विचारलं नव्हतं. मी तिला तसं सांगितलं.